बाईंचे तेवीस प्रश्न

बारा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका दुपारी, मी नऊ मुलांच्या मनात काय चालले आहे ते स्वतःच्या हाताने लिहून टाकले. ती नऊही मुले त्या दिवशी शाळेत नव्हती.

हे मी कोणाजवळ बोललो नव्हतो, पत्नीजवळही नाही. गैरहजर मुलाला हजर दाखवण्याची आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या शाळांना जुनी सवय होती. दिवाळी झाली की निम्मे गाव ऊसतोडीला निघते, वर्ग ओस पडतात, पट उतरला की शिक्षकाची जागा जाते. म्हणून मुले कारखान्यावर गेली तरी हजेरीपुस्तकात गावातच राहत. याला आम्ही खोटेपणा म्हणत नसू, सांभाळून घेणे म्हणत असू. हजेरीत रोज बोटभर खोटे लिहिणाऱ्या हाताला त्या दुपारी वेगळे काही करतो आहोत असे वाटले नाही, एवढेच मी स्वतःच्या बाजूने सांगू शकतो. पण ते कागद हजेरीचे नव्हते. ते औटीबाईंचे होते.

डॉ. इंदुमती औटी यांना सगळे शिक्षक औटीबाईच म्हणत. मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी विदुषी म्हटल्यावर जी मृदू, हसतमुख बाई डोळ्यांपुढे येते, तिच्याशी त्यांचे काडीचेही साम्य नव्हते. बुटकी, रुंद हाडाची मूर्ती, पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट, नाकावर चष्म्याने पाडलेले दोन खोल वण. मुलांना त्या कधी 'बाळा' म्हणत नसत, गालाला हात लावत नसत, खाऊ आणत नसत. वर्गात आल्या की भिंतीला पाठ लावून फरशीवर बसत आणि वाट पाहत. थोड्या वेळाने मुले आपण होऊन जवळ सरकत. हे कसे घडते ते मी पुष्कळदा पाहिले; मला ते कधी साधले नाही.

मूळच्या त्या पारनेरकडच्या. पुण्यात शिकल्या, तिथेच मोठ्या रुग्णालयात काही वर्षे काढली आणि मग नोकरी सोडून नगरला आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते. मूल पुरते मोडल्यावर त्याला दाखवायला आपल्या तालुक्यांत डॉक्टर नाही. तेव्हा ते मोडण्याच्या आधी गाठायला हवे, आणि रोज गाठ पडेल अशी जागा एकच, शाळा. म्हणून आठवड्याला एक तास मुलांनी बोलायचे आणि शिक्षकाने फक्त ऐकायचे. आणि वर्षातून तीनदा, जूनमध्ये, दिवाळीआधी आणि जानेवारीत, प्रत्येक मुलाने तेवीस प्रश्नांचा एक कागद भरायचा. तीस-पस्तीस शाळा, त्या स्वतः आणि दोन मदतनीस मुली, एवढ्यावर हे चाले.

आमच्या केंद्रशाळेत त्यांचे पहिले प्रशिक्षण झाले तेव्हा आम्ही चाळीसएक शिक्षक होतो. त्यांनी भाषण केले नाही. प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि आपल्या वर्गातल्या कधीही न बोलणाऱ्या पाच मुलांची नावे लिहायला सांगितली. हुशार मुलांची नावे आम्ही झोपेतही सांगितली असती, उनाड मुलांची त्याहून लवकर. पाच गप्प नावे मात्र कोणालाच पुरी आठवेनात. अर्धा तास गेला. बाहेर चहाची किटली आली. बडे नावाचे एक जाडजूड शिक्षक, सगळ्यांना हसवणारे, उठून म्हणाले, "मॅडम, चहा गार व्हायलाय."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "चार वर्षं एक पोरगं गार होतंय तुमच्या वर्गात. त्याचं नाव लिहा, मग चहा घ्या."

बडे सर खाली बसले. त्या दिवशी चहा कोणीच घेतला नाही, आणि परतताना जीपमध्ये बाईंना ज्या शिव्या पडल्या त्यांत माझाही वाटा होता.

शेजारच्या गावातल्या मुख्याध्यापकांनी एकदा त्यांच्यासाठी नारळ, शाल आणि मुलींचे स्वागतगीत असा थाट मांडला. बाईंनी विचारले, गाण्यात कोण नाही? मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, ज्यांना सुरात जमत नाही त्यांना पाचवीच्या खोलीत बसवले आहे, गडबड नको म्हणून. बाई उठल्या, खोलीची कडी काढली, आत जाऊन त्या मुलांमध्ये बसल्या आणि कडी आतून लावून घेतली. बाहेर रिकाम्या खुर्चीपुढे स्वागतगीत संपेपर्यंत चालले. बाहेर आल्यावर त्या मुख्याध्यापकांना एवढेच म्हणाल्या, "छान ऐकू येतं हो आत. सगळंच ऐकू येतं." तो मनुष्य पुढे दोन वर्षे त्यांच्याशी बोलला नाही. बाईंना त्याचे काही वाटले नाही. माणसे दुखावली जाण्याची त्यांना फिकीर नव्हती; मोठी माणसे दुखावली की ती निदान तसे दाखवून देतात, असे त्या म्हणत.

त्यांचा जीव होता त्या तेवीस प्रश्नांत. पहिली प्रश्नावली परदेशी होती, कोणीतरी शुद्ध मराठीत उतरवलेली. त्यात 'मला उदास वाटते' असे वाक्य होते. आमच्या शाळेतल्या एका मुलाने त्याला उत्तर दिले, "टीव्हीतल्या बाईला वाटतं उदास. आमाला न्हाई वाटत." बाईंनी तो सगळा गठ्ठा बाजूला टाकला आणि पुढची चार वर्षे गावोगाव फरशीवर बसून मुलांचे शब्द टिपण्यात घालवली. जेवताना घास तोंडात फिरतो का. घरी जायची वेळ झाली की पोटात कालवतं का. सगळे खेळत असताना बाजूला बसावंसं वाटतं का. प्रत्येक प्रश्न त्या पन्नास मुलांना विचारून पाहत. एका मुलाने जरी समजल्याचे सोंग केले तरी प्रश्न रद्द. पुण्याचे त्यांचे एक सहकारी थट्टेने म्हणाले होते की, बाईंचे प्रश्न आणि बाईंची लग्नाची स्थळे एकाच वेगाने नापास होतात. बाई हा विनोद स्वतः सांगत, आणि सांगताना हसत नसत.

सतरावा प्रश्न असा होता: पुढं काय होईल याची धास्ती वाटते का? कधीच नाही, कधी कधी, रोज. ज्या मुलाने 'रोज'वर खूण केली त्याच्याकडे बाई दोन दिवसांत स्वतः जात, शाळा कितीही आडगावी असो. मूल गैरहजर असेल तर शिक्षकाने घरी जाऊन कागद भरून घ्यायचा. तेही जमले नाही तर कागद कोराच पाठवायचा. "कोरा कागद मला चालतो," त्या पुन्हापुन्हा सांगत. "कोरा म्हणजे मला तिथे जायला हवं, एवढं कळतं."

माझ्या सातवीच्या वर्गात दीपाली नावाची मुलगी होती. तेरा वर्षांची, काटक, खालच्या मानेने चालणारी. आईवडील हंगामात कारखान्यावर. ही गावापासून दोन किलोमीटरवरच्या वस्तीवर आजीजवळ राही. दिवाळीआधीच्या कागदावर तिने सतराव्या प्रश्नाला 'रोज' लिहिले. दुसऱ्याच दिवशी बाई एसटीने आल्या आणि तिच्याशेजारी तासभर बसल्या. मी दाराजवळ वह्या तपासत होतो, म्हणून शेवटचे बोलणे माझ्या कानांवर पडले. दीपाली सांगत होती की आजी म्हणते, औंदा तुझं उरकून टाकू. चुलत मामाच्या पोराला कोयत्याला जोडी पाहिजे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्या पोराला मुकादम टोळीत घेत नाही. बाईंनी तिला धीर दिला नाही, की रडू नको म्हटले नाही. म्हणाल्या, "मी आजीशी आज बोलते. ती हो म्हणेल, पण मी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. जानेवारीत पुन्हा हा कागद येईल. तेव्हाही असंच वाटलं तर असंच लिही. तू लिहिलंस की मी येईन."

दीपालीने विचारले, "नक्की?"

"मी खोटं बोलायला इतक्या लांब येत नाही," बाई म्हणाल्या.

निघताना मला म्हणाल्या, "सर, हिच्याकडे लक्ष ठेवा." मी मान डोलावली. मान डोलावणे मला चांगले जमते.

जानेवारीत कागद आले त्या आठवड्यात माझ्या पाथर्डीतल्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकला होता. स्लॅबला दिवसातून तीनदा पाणी मारावे लागते आणि गवंड्यावर माझा भरवसा नव्हता. नऊ मुले गैरहजर होती, त्यांत दीपाली होती. वस्तीवर जाऊन यायला मोटारसायकलने पाऊण तास लागला असता. पुढची बारा वर्षे त्या पाऊण तासाला मी नाना नावे दिली: कामाचा ताण, घराची जबाबदारी, व्यवस्थेचा दोष. खरे असे की, कोरे कागद पाठवले तर बाई येतील आणि घरी का गेला नाहीत म्हणून चार टोचरे शब्द बोलतील, याची मला भीती वाटली. मी हजेरीत नऊ जणांना हजर केले आणि नऊ कागद भरले. मुलांचे अक्षर वाटावे म्हणून डाव्या हाताने भरले. सतराव्या प्रश्नाला सगळ्यांसाठी 'कधीच नाही' लिहिले, कारण 'कधी कधी' लिहिले तर कोणी काही विचारील असे वाटले.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. एवढ्या शाळांतून फक्त माझ्या शाळेचा एकही कागद कोरा नव्हता. "वस्त्यांवर हिंडलात म्हणायचं," त्या म्हणाल्या. "चांगलं केलंत." ज्या बाईंच्या तोंडून मी कोणाचीही स्तुती ऐकली नव्हती, त्यांची ही एवढी स्तुती. मी ती ठेवून घेतली.

त्या कागदाच्या आठवड्यात दीपालीला पाहुणे बघून गेले होते. ती शाळेत नव्हती ती त्यामुळे. फेब्रुवारीत आजी तिला घेऊन कारखान्यावर गेली आणि तिथे, पाचटाच्या झोपड्यांपुढे, तिचे लग्न लागले. गावात हे कळले तेव्हा ती महिनाभर फडात ऊस बांधत होती. बाई पोलिसांत गेल्या. आजीने वयाचा कुठलासा दाखला दाखवला आणि प्रकरण तिथेच मिटले.

मग बाई शाळेत आल्या. दीपालीचे दोन्ही कागद त्यांच्या हातात होते. मला वाटले, पकडलो गेलो. तसे झाले असते तर बरे झाले असते. त्यांनी विचारले, "सर, हा तिनं शाळेत बसून लिहिला?"

मी म्हणालो, "हो."

"कुठं बसली होती?"

मी बोट दाखवले. खिडकीजवळची, दुसऱ्या ओळीतली जागा. विचारल्याबरोबर, जराही न अडखळता.

बाई त्या जागी जाऊन बसल्या. वर्ग सुटला, मुले गेली, तरी बसून होत्या. कागद पुढे धरून प्रश्न एकेक करून वाचत होत्या, ओठ हलत होते. दिवाळीआधी 'रोज' लिहिणारी मुलगी जानेवारीत 'कधीच नाही' का लिहिते, आपल्या प्रश्नात कुठला शब्द तिला बंद करून गेला, हे त्या शोधत होत्या. मी दारात उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर त्या तिथून उठल्या असत्या. मी त्यांना पाणी आणून दिले.

त्याच उन्हाळ्यात नगरच्या एका सभागृहात त्यांच्या कामाचा आढावा होता. ही पद्धत राज्यभर न्यायची की नाही ते तिथे ठरायचे होते. बाईंच्या वीस वर्षांच्या कामाचा तो दिवस होता. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, माझी प्रश्नावली निकामी आहे. ज्या मुलीसाठी ती केली तिलाच तिच्यात बोलता आले नाही. जी पद्धत अशी मुलगी गमावते ती दुसरीकडे नेऊ नका. आकडे बाजूने होते, पण त्यांनी ते दाखवले नाहीत. पुढच्या रांगेतले कोणीतरी म्हणाले, लवकर आटपून बाईंनी निदान आमच्या जेवणाची वेळ वाचवली. आणि बरेच जण हसले. पूर्ण कागद पाठवणाऱ्या शिक्षकाचा सत्कार मात्र ठरल्याप्रमाणे झाला. बाईंच्याच हातून मला गुलाबाचे फूल आणि प्रमाणपत्र मिळाले.

पुढे सगळे भराभर आटपले. मदतनीस मुली दुसऱ्या नोकऱ्यांना लागल्या. शाळांच्या भिंतींवर 'आनंदी रहा' अशी रंगीत चित्रे आली, आणि तेवढ्यावर मुलांच्या मनाचे काम झाले. बाई नगरलाच राहिल्या. कोणी बोलावले तर शाळेत जाऊन फरशीवर बसत. बोलावणे कमी होत गेले. नव्या शिक्षकाने प्रश्नावलीविषयी विचारले की म्हणत, "होती. बहिरी निघाली." मी केंद्रप्रमुख झालो. आमची गाठ वर्षा-दोन वर्षांतून पडे आणि प्रत्येक वेळी आज सांगावे असे ठरवून मी जाई, आणि त्यांची प्रकृती विचारून परत येई.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. घर मोकळे करून त्या भाचीकडे पुण्याला चालल्या होत्या. मुलांच्या नावाचे जुने कागद रद्दीत घालवायचे नव्हते, फाडायला दोन हात हवे होते. मी गेलो. आम्ही समोरासमोर बसून सकाळभर कागद फाडत होतो. बाई खूप थकल्या होत्या, पण जीभ तशीच होती. मी हळू फाडतो म्हणून टोमणे मारत होत्या. मग माझ्या शाळेचा गठ्ठा निघाला. दीपालीचा जानेवारीचा कागद त्यांनी वेगळा काढला आणि म्हणाल्या, "हा राहू द्या. हा मी बरोबर नेणार. मी कुठं चुकले ते अजून सापडलं नाही मला."

तेव्हा मी सांगितले. सगळे सांगितले, डावा हात, स्लॅब, खिडकीजवळची जागा.

बाई कागदाकडे पाहत राहिल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. क्षणभरच, पण लख्ख. बारा वर्षांनी निर्दोष सुटलेल्या माणसाचा. "म्हणजे माझे प्रश्न बरोबर होते," त्या म्हणाल्या. लगेच तो चेहरा विझला आणि त्यांनी हाताने तोंड झाकले. मग म्हणाल्या, "पोरगी गेली, आणि मला माझ्या प्रश्नांचा आनंद झाला. बघा, काय करून ठेवलंत माझं."

मी वाकलो, पाया पडायला. त्यांनी पाय मागे ओढले. "माझी माफी मागू नका. मी देणार नाही. तिची मागा. मी येते बरोबर, नाहीतर तिथंही तुम्ही तिच्या वतीनं लिहून आणाल."

दीपालीच्या भावाकडून पत्ता मिळाला. तिची टोळी राहुरीच्या पलीकडे तोड करत होती. आम्ही दुपारी पोचलो. बाईंची आणि माझी ती शेवटचीच भेट ठरली. पुण्याला गेल्यावर त्यांनी माझा फोन एकदाही घेतला नाही. मला त्या आठवतात त्या तशाच: तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून कॅनव्हासचे बूट जपून टाकत, माझा हात नाकारत, पुढे चाललेल्या.

दीपाली मोळी बांधत होती. पंचवीस वर्षांची बाई, चाळिशीची दिसणारी. तिने बाईंना चटकन ओळखले. "बाई, तुमी व्हय? लई थकल्या," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "सर बी आल्यात." डोक्यावरचा पदर सारखा करून तिने बाईंना मोळीवर बसवले. स्वतःचे विचारल्यावर थोडक्यात सांगितले. पहिले मूल राहिले नाही. एक मुलगी आहे. गेल्या साली पिशवी काढली, तेव्हापासून कंबर धरते. "पोरगी तुमच्याच केंद्रात हाय, सर. दुसरीला. आजीपाशी ठिवलीय."

बाई म्हणाल्या, "मी येईन म्हणाले होते. आले नाही."

"लई वाट बघितली," दीपाली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग म्हनलं, बाईंला लई शाळा हायत्या. आन् कागद तर माझ्यापत्तूर आलाच न्हाई. मला वाटलं, शाळंनं माझं नाव काडलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "सांगा तिला," म्हणाल्या.

मी बोललो. माझा आवाज मुळातच खालचा, आणि पलीकडे ट्रॅक्टर सुरू होता. दीपाली कानाला हात लावून म्हणाली, "काय?"

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "तिला ऐकू गेलं नाही."

टोळीतली माणसे कोयते थांबवून पाहू लागली. कोणीतरी ट्रॅक्टर बंद केला.

"दीपाली," मी म्हणालो, "तुझं नाव कोणी काढलं नव्हतं. तुझा कागद माझ्या टेबलावर होता. मी वस्तीवर यायला हवं होतं, मी आलो नाही. तुझी उत्तरं मी लिहिली. तुला कसलीच धास्ती वाटत नाही असं मी लिहिलं, म्हणून बाई आल्या नाहीत. तू काही चुकली नव्हतीस, बाई चुकल्या नव्हत्या. मी चुकलो. मी तुझी माफी मागतो."